अर्धा आवाज

"वाजवू का?" शालनताईंनी विचारलं.

"हळू सुरू करा," मी म्हणालो. "मी हात वर केला की थांबा."

मी त्यांच्या ॲम्प्लिफायरच्या मागं फरशीवर मांडी घालून बसलो होतो. भर दुपार होती, पण खिडक्यांचे पडदे ओढलेले होते, कारण व्हॉल्व्हच्या आत काय चाललंय ते अंधारातच नीट दिसतं. गुऱ्हाळांचे दिवस होते. नदीकडून येणाऱ्या वाऱ्याला काकवीचा वास होता आणि समोर व्हॉल्व्हच्या त्या काचेच्या नळ्यांमधल्या तारा निखाऱ्यासारख्या मंद पेटल्या होत्या. नुकतंच जेवून आलेल्या माणसाला डुलकी लागायला आणखी काय पाहिजे?

ताईंनी मांडीवर आडव्या घेतलेल्या गिटारच्या तारांवर पोलादी कांडी टेकवली आणि सरकवली. हवाईयन गिटारचा स्वर पायऱ्या चढत नाही, उतारावरून सरकत येतो. तो माझ्या डोक्यावरून गेला, भिंतीला लागून परत आला, आणि मी कुठल्यातरी तळ्यावर उताणा पडून तरंगतोय असं मला वाटायला लागलं. ताईंनी आवाज वाढवला. एका मोठ्या स्वराला एका व्हॉल्व्हमध्ये जांभळी वीज चमकली, फट् झालं आणि खोली गप्प झाली. हात वर करायचा राहूनच गेला.

"झोपला होतास," ताई म्हणाल्या.

"ऐकत होतो."

"घोरत ऐकतोस व्हय?"

माझा स्वभाव पहिल्यापासून तंद्रीचा. कोल्हापूरच्या एका स्टुडिओत मी ध्वनिविभागात होतो, तिथंही शॉट संपला तरी माझे कान त्याच शॉटमध्ये बसलेले असायचे. स्टुडिओ बंद पडला तेव्हा लक्ष्मीपुरीत टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान टाकलं. बायको म्हणायची, याच्या दुकानाला शटर नको, मच्छरदाणी लावा. पण गावात व्हॉल्व्हच्या यंत्राला हात लावणारा मीच एकटा उरलो होतो, म्हणून शालनताई इंगवल्यांचा निरोप माझ्याकडं आला.

ताई तेव्हा साठी ओलांडलेल्या होत्या आणि आयुष्यात पहिल्यांदा लोकांसमोर बसून वाजवणार होत्या. गावात गिटारवेड्यांचं एक मंडळ होतं. बँकेतून निवृत्त झालेले, एक दातांचे डॉक्टर, अशी हौशी मंडळी. ताईंच्या भाचीनं ताईंचं वाजवणं मंडळाच्या कानावर घातलं, आणि त्यांनी महिनाअखेरच्या कार्यक्रमात ताईंचं नाव छापूनच टाकलं. नवा, चकचकीत ॲम्प्लिफायर द्यायलाही ते तयार होते. ताईंनी त्यावर एकदा वाजवून बघितलं आणि गिटार खोक्यात ठेवून दिली. तो आवाज त्यांना आपला वाटेना. हात पुढं सरकेना. त्यांचं म्हणणं साधं होतं. जुना ॲम्प्लिफायर बोलला तर त्या बसणार, नाहीतर नाव काढून टाकायला सांगणार. आणि एकदा नाव काढलं की ते पुन्हा कधी पडणार नाही, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

ॲम्प्लिफायर होता केशव मिठारींनी बनवलेला. मिठारींचं पेठेत लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. सभा, लग्नं, गणपती सगळं त्यांच्याकडं. असा एकच ॲम्प्लिफायर त्यांनी घडवला, तोही कागदावर एक रेघ न ओढता. सगळा नकाशा डोक्यात होता, आणि डोकं पंचगंगेच्या घाटावर जाऊन बरीच वर्षं झाली होती. यंत्रावर नाव नाही, नंबर नाही. आतल्या सगळ्या वायरी पिवळ्या, कारण त्यांना पिवळ्या रंगाचं रीळ स्वस्तात मिळालं असणार. असल्या यंत्रात शिरायचं म्हणजे ओळख नसलेल्या घरात दिवे गेल्यावर पाणी शोधण्यासारखं. एक एक तार बोटानं धरायची, ती कुठं जाते ते बघायचं आणि आपणच नकाशा काढत जायचं.

ते मी करत होतो. जुने कंडेन्सर सुकून गेले होते, ते बदलले. मुंबईहून व्हॉल्व्हची नवी जोडी मागवली. हळू वाजवलं की यंत्र गुणी बाळासारखं वागायचं. पण तेव्हाही आवाजाला एक धार होती, पत्र्यावर खिळा ओढावा तशी. आणि जरा मोठं वाजवलं की वीज चमकून सगळं बंद.

"पहिल्यापासून असंच होतं का?" मी विचारलं.

ताई म्हणाल्या, नाही. आबा होते तोवर लोण्यासारखा आवाज होता. आबा गेले त्याच वर्षी बिघडला. मिठारीही तोवर राहिले नव्हते. मग एकामागून एक मेकॅनिक झाले, कुणालाच जमलं नाही, शेवटी यंत्रावर चादर घातली. शेजारणी म्हणाल्या होत्या, म्हाताऱ्यानं आवाज बरोबर नेला.

"नेला असेल," ताई म्हणाल्या. "त्यांनी माझं दुसरं काय ठेवलं होतं?"

आबा म्हणजे त्यांचे सासरे, आबा इंगवले पैलवान. पेठेत त्यांचं नाव घेताना लोक अजून आवाज खाली आणायचे. ताई सांगलीच्या. लग्नात त्यांच्या रुखवतात लोकरीच्या पोपटांशेजारी गिटार मांडली होती, आणि ही कसली सतार, हिला भोपळाच नाही, म्हणून इकडच्या बायकांनी नाकं मुरडली होती. आबा काही बोलले नाहीत. आबा तसेही कुणाशी फार बोलत नसत. हाक मारली तर ओ देत नसत, कुणी काही सांगायला गेलं तर मान फिरवत. सगळं घर त्यांच्या त्या ताठ्याला भिऊन होतं. मग एकदा ताईंना आकाशवाणीवरून बोलावणं आलं. आबांनी जेवताना, ताटावरची नजर न उचलता मुलाला सांगितलं, सूनबाई वाजवत्यात तर वाजवू देत, पण उंबऱ्याच्या आत.

विषय संपला. ताईंचे यजमान आनंदराव, वडिलांपुढं त्यांचा शब्द कधी निघाला नाही. पण पुढं थोड्या दिवसांनी मिठारी हा ॲम्प्लिफायर घेऊन घरी आले, गिटारला त्यांनी तारांचा स्वर पकडणारा विजेचा कान बसवला, आणि ताईंना वाटलं, बोलता आलं नाही म्हणून नवऱ्यानं हे केलं. त्या विश्वासावर त्यांनी नवऱ्याला माफ करून टाकलं होतं. सासऱ्यांना मात्र नाही. आबा वारले, आनंदरावही गेले, तरी तो राग लोणच्यासारखा बरणीत मुरत होता. त्यांनी हे सगळं मला सांगितलं ते चहा गाळता गाळता, अगदी सपाट आवाजात.

दुसऱ्या दुपारी मी पुन्हा यंत्राच्या मागं बसलो. मागच्या पत्र्यावर दोन पितळी स्क्रू होते. माझ्या आधीच्या सगळ्या मेकॅनिकनी ते अर्थिंगचे समजून सोडून दिले होते, आणि मीही तसंच समजलो होतो. माझा नकाशा जवळजवळ पुरा झाला होता. फक्त शेवटचा ट्रान्सफॉर्मर, जो व्हॉल्व्हची ताकद स्पीकरला पोचवतो, त्यातून दोन तारा जास्त निघत होत्या. त्या मी धरल्या आणि बोट सरकवत गेलो. तारा त्या पितळी स्क्रूंपाशी येऊन संपल्या.

मिठारींनी तो ट्रान्सफॉर्मर हातानं गुंडाळलेला होता. मीटर लावून बघितलं, तर आत स्पीकरसाठी एक नाही, दोन गुंडाळ्या होत्या, अगदी सारख्या. म्हणजे हे यंत्र एका स्पीकरसाठी बनवलेलंच नव्हतं. रस्सीखेचीत समोरची निम्मी माणसं दोर सोडून निघून गेली तर ओढणारे धाडकन मागं पडतात, तसं इथं चाललं होतं. निम्मी ताकद जायला जागा नव्हती, म्हणून ती व्हॉल्व्हमध्येच उलटी फुटत होती. यंत्रात बिघाड असा नव्हताच काही.

मी पिशवीतून चिनी मातीची एक जाड रजिस्टन्स काढली आणि त्या दोन स्क्रूंमध्ये अडकवली. ताईंना म्हणालो, आता वाजवा, पाहिजे तेवढं मोठं.

त्यांनी वाजवलं. वीज चमकली नाही. धार गेली. आवाज असा भरून आला की पडद्याची कड हलली. तो सरकत सरकत कोपऱ्याकोपऱ्यात गेला, आणि मला वाटलं, ही खोली इतके दिवस रिकामी होती आणि आज कुणी तिच्यात राहायला आलं. ताई थांबल्या.

"हाच," त्या म्हणाल्या. मग वाकून त्यांनी मागं बघितलं. "हे पांढरं काय लावलंस?"

"निम्मा आवाज ते पितं. पिऊन गरम होतं."

"माझा आवाज जाळतोयस?"

"जाळायला लागतो, ताई. नाहीतर यंत्र जळेल."

"मग आधी कोण जाळत होतं?"

"आधी जळत नव्हता. तिथं दुसरा स्पीकर असणार."

ताईंनी खोलीभर नजर फिरवली, जणू अजूनही कुठं दिसेल. मग माझ्याकडं बघितलं. "दिगंबर, या खोलीत मी जन्म काढला. इथं दुसरा स्पीकर कधीच नव्हता."

खरं तर माझं काम तिथं संपलं होतं. यंत्र चालत होतं, कार्यक्रम होणार होता. मी आवराआवर करून दुकानात जाऊन झोपू शकलो असतो. पण ताईंनी गिटार बाजूला ठेवली आणि पदर खोचला. यंत्र इतकी वर्षं ज्या जागी होतं तिथली भिंत आम्ही बघायला लागलो. फरशीच्या कडेला सिमेंटनं बुजवलेलं एक भोक सापडलं. आबा गेल्यावर घरात फरशी बदलली होती, तेव्हा गवंड्यानं बुजवलं असणार. भिंतीच्या पलीकडं घराचा सोपा होता, आल्यागेल्या पुरुषांची बसायची जागा. तिथं आबांचा फोटो होता. फेटा, छाती, आणि कुस्तीत रगडून रगडून सुजलेले, गाठीसारखे कडक झालेले कान. फोटोच्या खाली भिंतीतून पिवळ्या वायरीची दोन टोकं बाहेर आली होती, कापलेली, त्यांच्यावरून चुना फिरलेला.

"इथं काय असायचं?" मी विचारलं.

"आबांचं बाकडं. शिसवीचं," ताई म्हणाल्या. "रोज दिवेलागणीला त्यावर बसायचे. इथं बायकांनी यायचं नाही. ते गेल्यावर मीच तालमीला देऊन टाकलं. डोळ्यापुढं नको होतं."

तालीम दोन गल्ल्या सोडून होती. ताई माझ्याबरोबर आल्या, पण दगडी पायरीपाशी थांबल्या. तालमीत बायका जात नाहीत, आणि त्या वयात तो रिवाज मोडायची त्यांना काही हौस नव्हती. मी आत गेलो. लाल मातीचा ओला वास, तेलाचा वास, कोपऱ्यात शेंदरी मारुती. बाकडं भिंतीशी होतं आणि त्यावर लंगोट वाळत घातले होते. मी ते बाजूला करून बाकड्याखाली डोकं घातलं. फळीच्या खालच्या अंगाला, पत्र्याच्या डब्यात, एक मोठा स्पीकर उताणा बसवलेला होता. त्याच्या कागदी पडद्याच्या मधोमध लाकडाची एक गोटी चिकटवली होती आणि ती गोटी वरच्या फळीला टेकली होती. असला स्पीकर मी कधी पाहिला नव्हता. त्यातून कानाला जवळजवळ काहीच ऐकू आलं नसतं. तो फक्त लाकूड हलवणार होता.

हिंदुराव वस्ताद टॉवेलनं अंग पुसत आले. तालीम आता तेच बघत होते. मी खाली काय बघतोय ते त्यांनी ओळखलं आणि पायरीकडं चालू लागले. ताईंपुढं मान खाली घालून उभे राहिले.

"वैनी, आबांनी शपथ घातली हुती, म्हणून बोललो न्हाई," ते म्हणाले. "आबांना ऐकू येत न्हवतं."

"कधीपासून?" ताईंनी विचारलं.

"कुस्तीत कान गेलं. तुमच्या लग्नाआधीच निम्मं गेलं हुतं, मग सगळंच. पैलवानाला बहिरा म्हणवून घ्यायचं न्हवतं. आनंदरावास्नी तेवढं ठावं हुतं आणि मला. म्हणून कुणाशी बोलायचं न्हाईत. सांच्याला दिवं लागलं की कुस्ती अर्धी टाकून हितनं उठायचं आणि घरला जायचं. एकदा मी मागनं गेलो. बाकड्यावर डोळं झाकून बसल्यालं, दोन्ही हात फळीवर. मला म्हणालं, हिंदू, हात टेक. मी टेकला. लाकूड जित्तं झाल्यागत थरथरत हुतं. म्हणलं, आबा, ह्ये काय? तर म्हणालं, सूनबाई वाजवत्यात."

"हे मिठारींनी केलं?" ताईंचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"आबांनी करून घेतलं. यंत्र बी त्यांनीच करून घेतलं, वैनी. मिठारीला म्हणालं, मला हातानं कळंल असं कायतरी कर."

ताईंनी बाकडं घरी पोचवायला सांगितलं. दोन पैलवानांनी ते उचलून आणलं, सोप्यात जुन्या जागी ठेवलं आणि निघून गेले. मी भोक मोकळं केलं, वायर ओवली, रजिस्टन्स काढून टाकली आणि स्पीकर जोडला. मनातून मला वाटत होतं, आता ताई रडतील, फोटोला हात जोडतील आणि सगळं गोड होईल. मला गोड शेवट आवडतात. स्टुडिओत राहून लागलेली सवय.

"तू आत जा आणि तारा छेड," ताई म्हणाल्या. "मी बसते."

मला गिटार येत नाही. मी आपली कांडी टेकवून खालीवर ओढत राहिलो. दारातून मला ताई दिसत होत्या. सांज झाली होती, सोप्यात दिवा लावलेला नव्हता. जिथं बायकांनी यायचं नाही तिथं त्या बसल्या होत्या, दोन्ही तळवे फळीवर ठेवून, आणि हळूहळू त्यांचे डोळे मिटले. मी थांबलो तरी त्यांनी हात उचलले नाहीत. मी बाहेर येऊन उंबऱ्यावर बसलो.

"सगळं कळतं रे," त्या म्हणाल्या. "कुठली तार, किती सरकवली, हात कुठं अडखळला, सगळं कळतं. मी आत बसून भिंतींना ऐकवतेय असं समजत होते. आणि इथं हा माणूस रोज पोटभर ऐकत होता. अठरा वर्षं. मला एक शब्द नाही."

"त्यांना बहिरं म्हणवून घ्यायचं नव्हतं," मी म्हणालो.

"बिचारा म्हातारा, असं म्हणायला पाहिजे मी. म्हणवत नाही मला." आता त्या रडत होत्या, पण आवाज रागाचा होता. "मला वाटलं, माझ्या नवऱ्यानं माझ्यासाठी केलं. ते यंत्र माझ्यासाठी नव्हतंच. आवडत होतं ना, दिगंबर? एवढं आवडत होतं, तर जाऊ द्यायचं होतं मला."

गल्लीतून कुणीतरी सायकल घेऊन गेलं. ताईंनी पदरानं तोंड पुसलं, उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. मला वाटलं, आता झोपायचं म्हणून दार लावून घेतील. पण आतून कांडीचा आवाज आला. त्या तार जुळवत होत्या.

"बस तू तिथं," त्या आतून म्हणाल्या. "बाकड्यावर. कान झाक."

मी बसलो. कानांत कापसाचे बोळे घातले, आणि दोन्ही हात फळीवर ठेवले. आधी काहीच कळलं नाही. मग लाकूड अगदी आतून जागं झालं. ते तळव्यातून मनगटात आलं, मनगटातून खांद्यात, आणि मग ते कुठून येतंय हे कळेनासं झालं. मी आयुष्यभर आवाजांत काम केलं, पण आवाज हे एक अंग असतं, आपल्याला टेकून बसतं, हे मला तेव्हा समजलं. ताई काय वाजवत होत्या ते मला सांगता येणार नाही. संथ काहीतरी होतं, वर जायचं, थबकायचं, आणि खूप वेळ घेऊन खाली यायचं. अंधारात मला शेजारी कुणीतरी भरभक्कम माणूस बसल्यासारखं वाटत होतं, आणि त्याची भीती वाटत नव्हती. मी झोपलो नाही. त्या एका वेळी मी अगदी टक्क जागा होतो.

लाकूड शांत झालं. मी बोळे काढले तेव्हा ताई दारात उभ्या होत्या.

"त्यांच्यासाठी म्हणून एवढं एकच वाजवलं," त्या म्हणाल्या. "आता सांग, हा स्पीकर चांगला आहे का?"

"चांगला म्हणजे? असला लोहचुंबक आता मिळत नाही."

"मग काढ तो. दुसऱ्या खोक्यात बसव, लोकांकडं तोंड करून. तिथं पांढरं काही लावू नकोस. माझा आवाज जाळायचा नाही आणि कुणाच्या खाली पुरायचा पण नाही."

मी त्यांना सांगितलं की पडद्यावरची ती लाकडाची गोटी उपटावी लागेल. नाहीतर त्यातून आवाज बाहेर पडणार नाही. आणि मिठारींनी ती कशी चिकटवली, नेमकी कुठं, किती दाबानं, ते कुणालाच माहीत नाही. एकदा उपटली की मला काही ती तशी परत लावता येणार नाही. बाकडं पुन्हा बोलणार नाही.

ताईंनी आबांच्या फोटोकडं बघितलं. नजरेत राग होता, आणि आणखीही काहीतरी होतं, ज्याला मी नाव द्यायला जात नाही.

"काढ," त्या म्हणाल्या.

मी बाकडं आडवं केलं, स्क्रू सोडवले, आणि दिव्याखाली ब्लेडच्या टोकानं ती गोटी हळूहळू सुटी केली. पडद्याला थोडं खरचटलं, त्यावर पातळ कागद डकवला. ताई शेवटपर्यंत शेजारी बसून होत्या. दुसऱ्या दिवशी सुताराकडून खोकं करून घेतलं. बाकडं तालमीत परत गेलं आणि त्यावर पुन्हा लंगोट वाळायला लागले.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी नाट्यगृह काही भरलेलं नव्हतं. पुढच्या रांगांत मंडळाची माणसं, मधे ताईंची भाची आणि तिच्या मैत्रिणी, एका कडेला हिंदुराव वस्ताद इस्त्रीचा सदरा घालून अवघडून बसलेले. ताई पांढऱ्या साडीत आल्या, खुर्चीवर बसल्या, गिटार मांडीवर आडवी घेतली. दोन्ही स्पीकर त्यांच्या दोन बाजूंना, तोंड लोकांकडं. मी विंगेत यंत्राच्या मागं, नजर व्हॉल्व्हवर. त्यांनी कांडी टेकवली.

मी तो आवाज इतके दिवस ऐकत होतो, पण असा ऐकला नव्हता. खोलीत तो भिंतींपर्यंत जायचा आणि परत यायचा. इथं तो गेला तो गेलाच, रिकाम्या खुर्च्यांवरून, दिव्यांच्या खालून, मागच्या काळोखात, कुठंही न अडता. यंत्र मंद पेटलेलं होतं. मला व्हॉल्व्हकडं बघायची आठवणच राहिली नाही. मी विंगेतून उतरलो आणि कडेच्या अंधारातून चालत पार मागं, शेवटच्या रांगेपर्यंत गेलो. आवाज तिथं माझ्या आधीच पोचलेला होता.

पहिलं वाजवून झालं आणि टाळ्या पडल्या. ताईंना टाळ्यांचं काय करायचं ते माहीत नव्हतं. त्यांनी हात जोडले नाहीत की मान लववली नाही, नुसत्या बावरून बसल्या. मी धावत विंगेत आलो तेव्हा त्या माझ्याकडं बघत होत्या.

"मागंपर्यंत जातंय का रे?" त्यांनी हळूच विचारलं.

"शेवटच्या खुर्चीपर्यंत. मी जाऊन आलो."

त्यांनी मान हलवली आणि कांडी पुन्हा तारांवर ठेवली. त्यांची वेळ संपल्यावर मंडळाच्या माणसानं थांबा म्हणून विंगेतून हात वर केला, थोड्या वेळानं परत केला. ताईंनी दोन्ही वेळा पाहिलं, आणि वाजवत राहिल्या.